कॅलेंडर आधी खिळ्यावरून काढा

नमस्कार ताई,

माझं वय ४३. उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. लहानपणापासून तबल्याची हौस होती, पण वडिलांच्या मागं धंद्यात पडलो आणि ते राहूनच गेलं. चाळिशीत क्लास लावला, त्याला तीन वर्षं झाली. मागच्या सत्रात प्रवेशिका पूर्ण पास झालो. रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा बसतो, एक दिवस चुकवत नाही. मोबाईलवर लेहरा (साथीची फिरती धून) लावतो आणि ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, मिनिटाला किती मात्रांच्या लयीपर्यंत स्वच्छ जातो तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. गेल्या गणपतीपासून आकडा ९० च्या पुढं सरकलेला नाही. कधी ८६, कधी ९२, परत ८८. क्लासमधली नववीतली एक मुलगी माझ्यानंतर आली आणि पुढं गेली. कुठंतरी वाचलं की कुठल्याही विद्येला दहा हजार तास लागतात. हिशोब केला, तर माझी सत्तरी उजाडते. गल्लीतल्या भजनी मंडळानं दोनदा बोलावलं, पण आकडा १०० झाल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलंय. गुरुजींना विचारलं तर म्हणतात, ‘करत रहा.’ बायको म्हणते, हे हौस म्हणून घेतलंय की शिक्षा म्हणून? रियाज दोन तास करू का? की माझ्या बोटातच नाही? आणि हो, हल्ली उजवं मनगट दुखतं.

– एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

नमस्कार.

दोन तास करू नका. आहे तो तासच सध्या चुकीच्या कामाला लागलाय. त्यात आणखी एक मिळवून चूक दुप्पट होईल.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि त्यात तुम्ही रियाज करताय असं मला कुठं दिसलं नाही. तुम्ही रोज रात्री साडेनऊला स्वतःची परीक्षा घेता, साडेदहाला निकाल लावता आणि तो भिंतीवर टांगता. तुम्ही मशीनवरचा माणूस, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते: जॉब फिरत असताना त्याला मायक्रोमीटर लावता का? आधी कट घेता, मशीन थांबवता, मग माप. तुम्ही तबल्यावर गेलं वर्षभर नुसतं माप घेताय, कट घ्यायचं राहून गेलंय.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ते कॅलेंडर खिळ्यावरून काढा. निदान दिवाळीपर्यंत तरी तिथं दुसरं काही लावा. तुमचा आकडा ८६ ते ९२ मध्ये हेलकावे खातोय, त्यात तुमच्या हाताची प्रगती किंवा अधोगती काहीच नाही. दिवसभर शॉपमध्ये उभं राहून आलेला माणूस जेवण झाल्यावर बसतो, कधी ऑर्डर अडकलेली असते, कधी तबला पावसानं उतरलेला असतो. तो आकडा त्या दिवसाचा आहे. शिवाय ‘स्वच्छ गेला’ हे ठरवतंय कोण? वाजवणाराच, वाजवता वाजवता, आकडा वाढावा अशी इच्छा मनात धरून. असला इन्स्पेक्टर तुम्ही तुमच्या शॉपमध्ये ठेवला नसता.

आता तो कायदा. मी तुमचा हात पाहिलेला नाही, त्यामुळं अंदाजच सांगते. तो चुकला असेल तर गुरुजींचं ऐका. पण ९० च्या आसपास अडकणारे खूप विद्यार्थी पाहिलेत आणि बहुतेकांचं अडखळण्याचं ठिकाण एकच असतं: ‘धा’ वरून ‘ति’ वर जाताना. ‘धा’ ला तर्जनी चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर असते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला टेकलेली. लगेच ‘ति’ साठी मधलं बोट शाईच्या मध्यावर यायला हवं आणि मागोमाग ‘ट’ ला तर्जनी. दिल्लीचा बाज (वाजवण्याची शैली) हा दोन बोटांचा बाज म्हणतात तो यासाठीच, सगळा खेळ या दोन बोटांच्या अदलाबदलीचा. होतं काय, की ‘धा’ वाजवून झाल्यावर तर्जनी विजयी मुद्रेनं हवेत चार बोटं वर जाते. संथ लयीत तिला खाली यायला भरपूर वेळ असतो, म्हणून काही कळत नाही. लय ९० ला गेली की तो वेळ संपतो आणि ‘तिट’ चा चिखल होतो. तुम्ही म्हणता हात पुढं जात नाही. हात पुढं जायला तयार असेल, बोट उशिरा घरी येतंय.

म्हणून ‘संथ वाजवा’ हा सल्ला अर्धाच आहे, आणि बहुतेक जण तो अर्धाच देतात. (तुमच्या गुरुजींना मी काही म्हणत नाहीये. ‘करत रहा’ हे उत्तर बऱ्याचदा ‘नीट प्रश्न विचार’ या अर्थानं असतं.) संथ वाजवणं म्हणजे बोटं हळू हलवणं नाही. दोन आघातांमधली विश्रांती वाढवायची, हालचाल मात्र छोटी आणि चपळच ठेवायची, जशी ती ११० ला लागणार आहे तशीच. ४५ च्या लयीत बसा. ‘धा’ वाजला की तर्जनी शाईपासून फार तर बोटभर वर, तिथंच थांबलेली. मधलं बोट टपून बसलेलं. मग ‘ति’. पुन्हा थांबा. हे करताना कंटाळा येईल, चिडचिड होईल, कारण हातात जे येतंय ते वाजवण्यातला आनंद इथं नाही. पण दहा मिनिटंच करायचंय.

त्याच्या उलटही एक गोष्ट करा. फक्त ‘धाधा तिट’ एवढा तुकडा घ्या, लेहरा बंद करा, आणि तुम्हाला येत नाही त्या लयीत, समजा १२० ला, एकदाच वाजवा. हात मांडीवर ठेवा. श्वास घ्या. परत एकदा. चुकलं तरी लगेच दुरुस्त करायला धावू नका. सलग वाजवत राहिलं की हात आखडतो आणि आखडलेला हात तेच शिकतो. एकेकटा तुकडा मोकळ्या हातानं जलद वाजवला की जलद लयीची चव बोटांना कळते, आणि ९० ही भिंत नव्हती हेही. या दोन्ही टोकांवर काम करा. मधल्या ८५–९५ च्या पट्ट्यात महिनाभर फिरकूच नका.

बोटांआधी तोंड. पढंत करता का? पत्रात एका शब्दानं उल्लेख नाही, म्हणून शंका आली. हातानं ताल देत कायदा, त्याचे पलटे (तेच बोल फिरवून केलेले प्रकार), खालीसकट मोठ्यानं म्हणायचे. जिथं जीभ अडखळते तिथं बोट अडखळणारच. याला तबला लागत नाही, शेजारी लागत नाहीत. तुम्ही कळंब्यात राहता, सकाळी तलावाच्या कडेनं फिरायला जात असाल, नसाल तर जा. एका पावलाला एक मात्रा धरून म्हणत चाला. येणारे-जाणारे बघतील. कोल्हापुरात सकाळी फिरताना लोक याहून विचित्र गोष्टी बोलत असतात.

आणि ऐका. हे मी सगळ्यात ठळक सांगते, कारण तुमच्या पत्रात लय, तास, परीक्षा, वय सगळं आहे, पण तुमचा तबला कसा वाजतो याबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या मांडीसमोर जे ठेवलंय ते काय चीज आहे हे तुमच्यासारख्या माणसाला आवडेल म्हणून सांगते. साध्या ताणलेल्या गोल चामड्यावर मारलं की त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात. म्हणून बहुतेक ढोल-नगाऱ्यांना सूर असा नसतो, नाद असतो. तबल्याच्या मधोमध जी शाई आहे, लोखंडाची भुकटी आणि खळ यांचे थर घोटून चढवलेली, ती चामड्याचं वजन मध्यावर असं वाढवते की पहिले काही स्वर पूर्णांकी पटींत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं होतं. ज्यांनी ही शाई पहिल्यांदा घोटली त्यांनी ते कानानं शोधलं होतं.

तर मग असं वाद्य समोर असताना तुम्ही आकड्याकडं बघताय. उद्या बसल्यावर पाच मिनिटं नुसता ‘ना’ वाजवा. चाटेवर. अनामिकेचा टेका जरा घट्ट झाला की आवाज मरतो, जरा सैल झाला की घुमायला लागतो, मधे कुठंतरी तो टणत्कार येतो. तो तुमचा तुम्हाला सापडायला हवा. मग ‘तू’, उघडा, शाईवर. मग डग्ग्यावर ‘घे’, मनगट किंचित पुढं सरकवून त्याचा सूर वर चढतो का बघा. तीन वर्षं झालेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा डावा हात फक्त हजेरी लावायला येतो. कायदा ६० ला वाजला तरी ज्याच्या ‘धा’ मध्ये उजवा आणि डावा एकाच क्षणी पडतात, त्याचा कायदा ऐकावासा वाटतो. १२० चा खडखडाट कुणी ऐकत नाही. तुमच्या घरात तर नाहीच ऐकत, हे तुमच्या बायकोच्या बोलण्यावरून कळलं.

मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, पण त्याच रात्री ऐकू नका. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऐका. आदल्या रात्रीचा राग किंवा समाधान तोवर ओसरलेलं असतं.

एक तास सलग एकच कायदा घासणं हाही तुमच्या कंटाळ्याचा भाग आहे, फक्त तुम्ही त्याला कंटाळा म्हणत नाही, चिकाटी म्हणता. चाळीस मिनिटं बसा. थोडा वेळ आवाज, थोडा वेळ ‘धाति’चा सांधा, आणि मग कायदा पूर्ण बाजूला ठेवून तीनतालाचा ठेका. सोळा मात्रा, पाच मिनिटं, एकही तिहाई नाही, एकही मुखडा नाही. हे येतंच की, असं म्हणाल. वाजवून बघा. तिसऱ्या मिनिटाला लय चढलेली सापडेल. शेवटी वाटेल ते वाजवा, जे आवडतं ते, मोडकंतोडकं. जमत असेल तर रात्री जेवणानंतर न बसता शॉपमधून आल्या आल्या बसा. भरल्या पोटी मांडी घालून पुढं वाकून वाजवणं बरं नाही.

मनगटाबद्दल स्पष्ट सांगते. दुखत असताना वाजवायचं नाही. रियाजात हात थकतो, भरून येतो, ते वेगळं. टोचणं, सांध्यात दुखणं, बोटांना मुंग्या येणं, रात्री झोपेतून जागं करणारी बधिरता, यातलं काही असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना हेही सांगा की दिवसभर तुमच्या हातात ग्राइंडर किंवा लेथ असतो. तबल्याच्या तासाभराआधी त्या हातानं आठ-दहा तास कंपन आणि पकड सोसलेली असते, याचा हिशोब तुम्ही कुठंच धरलेला नाही. घरी एवढं तपासा: उजवा तबला चुंबळीवर तुमच्याकडं फार झुकलाय की फार सपाट आहे? मनगट वाजवताना हातापेक्षा खाली मोडतंय का? खांदे कानाकडं चढलेत का? चढलेच असतील. ९२ गाठायला बसलेल्या माणसाचे खांदे चढतात.

अल्लादिया खाँसाहेबांबद्दल जाणकार सांगतात ते इथं आठवतं. तरुणपणी एका संस्थानात गाण्याचा अतिरेक होऊन त्यांचा आवाज गेला. पूर्वीसारखा तो परत आलाच नाही, आणि जो उरला त्याला साजेशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. पुढं शाहू महाराजांच्या पदरी ते आपल्या कोल्हापुरात राहिले ते ती गायकी घेऊन. ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यातला पहिला अर्धा भागही महत्त्वाचा वाटतो: एवढ्या मोठ्या गवयाच्या गळ्यालाही अतिरेक सोसला नाही.

दहा हजार तासांचं ओझं उतरवून टाका. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा अभ्यास केला. त्यातल्या सर्वोत्तम गटानं विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे दहा हजार तास रियाज केला होता. सरासरी. म्हणजे त्याच गटातले कित्येक जण त्याच्या बरेच खाली होते. आणि ही मंडळी जगभरच्या मैफली वाजवायच्या वाटेवर होती. तेवढे तास झाले की विद्या येते आणि त्याआधी येत नाही, असं त्यात कुठंही नाही. त्या अभ्यासातली लोकांनी उचलायला हवी होती ती गोष्ट वेगळीच आहे: सगळ्यात चांगले वादक एका बैठकीत फार वेळ रेटत नव्हते, मधे विश्रांती घेत होते, आणि झोप भरपूर काढत होते. ती कुणी उचलली नाही, कारण झोपेचा आकडा मिरवता येत नाही.

नववीतल्या मुलीबद्दल काय सांगू. तिला उद्या पोरांचे पगार करायचे नाहीत आणि तिची बोटं चौदा वर्षांची आहेत. पुढच्या वेळी तिच्याशेजारी बसा आणि ‘तिट’ वाजवताना तिचं बोट किती वर उचलतं ते बघा. फुकटची शिकवणी आहे.

पावसाचं थोडक्यात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते ती चामडं पितं आणि सैल होतं, तबला उतरतो. मग माणूस जोरात वाजवतो आणि मनगट दुखवून घेतो. बसण्याआधी सूर लावण्यात पाच मिनिटं घालवलीत तर ती वाया गेली असं समजू नका. फरक मोठा असेल तर गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे), बारीक असेल तर गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या चामडी वेणीवर) हातोडी, आणि सगळ्या बाजूंनी सारखं, एकाच घरावर नाही. तबला बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, ओल तिथूनच येते. चढवून ठेवलेला तबला वाजवून झाल्यावर जाड कापडात गुंडाळा.

महिन्यातून एखादी मैफल ऐका. मोबाईलवर नको, समोर बसून. देवल क्लब १८८३ पासून या गावात आहे, आणि तिथल्या कार्यक्रमाला जायला तबला ९० च्या पुढं जावा लागत नाही. जागा अशी धरा की तबलजीचा डावा हात दिसेल. मोठ्या तबलजींना बघताना लोक उजवा बघतात.

आता भजन. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. १०० झाल्यावर जाईन! भजनी मंडळाला तुमचा कायदा नकोय. त्यांना केहरवा हवाय, जो ‘धा गे न ती न क धी ना’ पहिल्या अभंगाला जिथं सुरू झाला तिथंच शेवटच्या आरतीला असेल. ते ५० च्या लयीतलं काम आहे, आणि ते तुमच्या भिंतीवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा अवघड आहे, कारण समोर गाणारे आजोबा मधेच एक ओळ चार वेळा घेणार, दोन मात्रा खाणार, टाळ पळणार आणि तुम्हाला सगळ्यांना धरून ठेवायचंय. थिरकवाँ खाँसाहेबांसारखा एकल वादनातला बादशहा गंधर्व नाटक मंडळीत पदांना साथ करत वर्षं काढायचा. तुम्ही मात्र साथीला अजून लायक झालो नाही म्हणून घरात एकट्यानं एकल वादन घासताय. क्रम उलटा आहे.

येत्या गुरुवारी जा. पहिल्या दिवशी वाजवायला बसू नका म्हटलं तरी ते बसवतीलच, बसा. चुकलात तर हात उचला, टाळाकडं कान द्या, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की परत शिरा. कुणी बघत नाही, सगळे डोळे मिटून असतात. एक काम मात्र आधीच करून ठेवा. त्यांची पेटी कुठल्या पट्टीत असते ते विचारा. भजनाची पट्टी बरीचशी उंच असते, आणि क्लाससाठी तुम्ही घेतलेला तबला काळी एकचा असेल तर तो काळी चारपर्यंत ठोकून चढवायला जाऊ नका, पुडी (वरचं चामडं) जाईल. मंडळाचा स्वतःचा तबला असेलच. नसला तर पेटीवाल्याशी बोलून घ्या आणि हातोडी घरून न्या, मंडळाची कधी सापडत नाही.

मनगटाचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. आकडा कळवू नका.